मागील बाकी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेले भाषण)



सरत्या वर्षाचे सिंहावलोकन करावे आणि येणाऱ्या वर्षाच्या कार्याविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आज्ञा मोडण्याचे माझे वय राहिलेले नाही, आणि विषय बदलून मागावा तर कार्यक्रमपत्रिका आधीच छापून झाली होती. वार्षिक अहवाल आपण आताच ऐकला. कोजागरीचा मेळावा, महिला शाखेचे हळदीकुंकू, वधूवर परिचय संमेलन, गुणवंतांचा सत्कार, ही सर्व कार्ये यथासांग पार पडली. ती पार पाडणाऱ्यांचे श्रम मी जाणतो. तेच पुन्हा सांगून आपला वेळ मी घेणार नाही. माझे आयुष्य गेले दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात. तेव्हा मी बोलणार तेही हिशेबाच्याच अंगाने, हे आपण समजून घ्यावे.

वर्ष सरले असे आपण म्हणतो, परंतु कोणते वर्ष? सरकारचे वर्ष मार्चअखेर संपते. तेही काही पुरातन नव्हे. पूर्वी हिंदुस्थान सरकारचे हिशेबी वर्ष मे महिन्याच्या पहिल्या तारखेस सुरू होत असे. १८६७ साली ते एप्रिलवर आणण्यात आले. पेढीचे वर्ष दिवाळीचे. नवी वही, तिच्यावर हळदकुंकू, पहिल्या पानावर ‘श्री’, आणि मग जुन्या वहीतील बाक्या नव्या वहीत ओढणे. प्राप्तिकराच्या कामी व्यापाऱ्यांचे हे दिवाळीचे वर्ष चालत असे. १९८९-९० या आकारणी-वर्षापासून सर्वांस एकच मार्चअखेरीचे वर्ष लागू झाले आणि वहीपूजनातील वही मागे पडून पूजन तेवढे राहिले. शाळेचे वर्ष जूनमध्ये उघडते, शेताचे मृगाबरोबर. मेघनाद साहा यांच्यासारख्या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून सरकारने राष्ट्रीय सौर पंचांग सिद्ध केले आणि २२ मार्च १९५७ पासून ते चालू केले. राजपत्रावर ती तिथी छापली जाते. तिच्यावर लग्न धरलेले मी तरी अद्याप पाहिलेले नाही.

या सर्व वर्षांमध्ये मला विचार करावयास लावणारे वर्ष आहे ते सालगड्याचे. मराठवाड्यात आणि विदर्भात पाडव्याला सालगड्याचे साल भरते. आपल्यापैकी ज्यांची मुळे खेड्यात आहेत त्यांनी तो देखावा पाहिला असेल. गुढी उभारून झाली, कडुनिंबाची पाने तोंडात घालून झाली, की धनी ओसरीवर बसतो आणि गडी पायरीवर. साल धरताना ठरलेली रक्कम, अडीनडीला घेतलेली उचल, आजारपणात पडलेले खाडे, ठरले असेल ते धान्य आणि कपडा, असे एकेक कलम तोंडी निघते. वजा जाता उरले ते हातावर पडते, नाहीतर उलट अंगावर निघते. हा हिशेब नेहमी न्यायाचा असे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. अंगावरची बाकी फेडण्यासाठी माणसे एकाच दारात वर्षानुवर्षे अडकून राहिली. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. तथापि त्या बैठकीत एक गोष्ट अशी होती, जी आपल्या सुशिक्षित सभांत नाही. ज्याच्यासंबंधी हिशेब चालला आहे तो माणूस समोर बसलेला असे. आपण ताळेबंद वाचतो, टाळ्या होतात, ठराव एकमताने संमत होतो. आणि ज्यांच्यासाठी निधी उभारला ते या सभागृहात नसतात.

अशीच एक शिकवण पंचांगातही आहे. चांद्रवर्ष भरते सुमारे ३५४ दिवसांत आणि सौरवर्ष ३६५ दिवसांत. दरसाल सुमारे अकरा दिवस कमी पडतात. आपल्या पंचांगकर्त्यांनी हे अकरा दिवस कधी बुडीत खाती लिहून टाकले नाहीत. ते पुढे ओढले, आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी बाकी एका महिन्याएवढी झाली, की अधिक मास धरून ती फेडून टाकली. तसे केले नसते तर दिवाळी कधी भर पावसात आली असती, कधी वैशाखवणव्यात. जावयाला तीस-तीन अनारशांचे वाण देताना हे गणित आपल्या ध्यानात राहत नाही, हा भाग वेगळा.

आता सार्वजनिक कार्यात वर्षाचा हिशेब कसा घ्यावा याचा धडा आपल्याच प्रांतातील एका थोर पुरुषाने घालून दिला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढाकार घेतलेल्या सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन १८८७ च्या डिसेंबरात मद्रासेस भरले. पुढे दरसाल राष्ट्रसभेच्या अधिवेशनापाठोपाठ ही परिषद भरत असे. १८९५ साली पुण्यास मात्र विरोधकांच्या आग्रहामुळे तिला राष्ट्रसभेचा मंडपही मिळाला नाही. तरी ती भरलीच. या परिषदेतील रानड्यांची भाषणे आज उघडून पाहिली तर वक्तृत्वाची हौस असलेल्या वाचकाची काहीशी निराशा होईल. पुष्कळ ठिकाणी ती भाषणे म्हणजे वर्षाचा झाडाच आहे. कोणत्या प्रांतातील कोणत्या मंडळाने या वर्षी काय केले, विधवाविवाह किती झाले, मुलींच्या शाळांची स्थिती काय, कोणत्या ज्ञातिसभेने लग्नखर्चास मर्यादा घातली. राजपुतान्यातील रजपूत सरदारांच्या सभेने विवाहाचे वय आणि खर्च यांवर बंधने घातली होती. तिचा उल्लेख करताना नियम पाळून झालेले विवाह किती आणि नियम मोडून झालेले किती, हेही ते सांगत. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश वर्षभराच्या कामातून सवड काढून दूरदूरच्या सभांची टिपणे मागवतो आणि त्यातील यशाबरोबर अपयशही व्यासपीठावरून वाचून दाखवतो, यातील चिकाटी साधी नव्हे. १९०१ च्या जानेवारीत रानडे निवर्तले. त्यापूर्वीच्या डिसेंबरात लाहोरास भरलेल्या अधिवेशनास प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना जाता आले नव्हते.

हा कित्ता समोर ठेवून मी आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे वळतो. आजच्या अहवालात त्याला अडीच ओळी मिळाल्या आहेत. निधी सुस्थितीत आहे, ठेवी सुरक्षित आहेत, व्याज वेळेवर जमा होते. आणि आलेले सर्व अर्ज मंजूर झाले. शेवटचे वाक्य ऐकून आपण टाळ्या दिल्या. ते अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे कलम मात्र वाचावयाचे राहिले. गेली काही वर्षे हीच स्थिती आहे. व्याज साचत जाते, त्याची नवी ठेव होते, त्या ठेवीचे पुन्हा व्याज येते. खासगी माणसाच्या वहीत ही भरभराट म्हणता येईल. परंतु शिक्षणासाठी म्हणून दिलेला पैसा शिक्षणाकडे गेला नाही, तर हिशेबाच्या भाषेत ती शिल्लक संस्थेच्या अंगावरचे देणे आहे. ज्यांनी तो दिला त्यांचे, आणि ज्यांच्यासाठी दिला त्यांचेही.

ज्ञातीत आता गरजू कोणी उरले नाही, असे उत्तर मला दोन-तीन जाणत्या सभासदांकडून मिळाले. पुण्यामुंबईच्या, बंगळूरच्या आणि परदेशातील घरांकडे पाहिले तर ते खरेही वाटते. म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी तीन तालुक्यांच्या गावी जाऊन आलो. दुकान बसलेले, घरातील कर्ता अकाली गेलेला, कोरडवाहू जमिनीवर दोन भावांची कुटुंबे, अशी घरे आपल्या ज्ञातीत आहेत. तेथील मुले बारावीपर्यंत येतात आणि पुढच्या शिक्षणाला शहरात राहण्याचा खर्च निघत नाही म्हणून थांबतात. एका घरी मी विचारले, ‘ताई, मंडळाकडे अर्ज का केला नाही?’ त्या माउलीने चहाचा पेला पुढे ठेवला आणि म्हणाली, ‘दादा, पोराची फी भरली गेली असती हो. पण संमेलनात नाव पुकारून त्याला व्यासपीठावर बोलावणार, नारळ आणि पाकीट देणार, सगळी मंडळी बघणार. आणि उद्या माझ्या पोरीला बघायला येणार ती हीच मंडळी.’

या उत्तरापुढे माझी हिशेबाची विद्या संपली. परक्याने दिलेले साहाय्य माणूस घेतो आणि विसरू शकतो. ज्ञातीतले साहाय्य विसरता येत नाही, कारण देणारा आणि घेणारा पुढच्याच मुहूर्ताला एका मांडवात भेटणार असतात. आपलेपणा हे ज्ञातिसंस्थेचे भांडवल. पण साहाय्य मागणाऱ्याला तोच आपलेपणा आडवा येतो. आपल्या अर्जावर दोन सभासदांची शिफारस लागते, म्हणजे घरची अडचण आणखी दोन घरांना कळवावी लागते. हा नियम ज्यांनी केला त्यांना गैरवापराची भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. पण आज त्या नियमाने लबाड अडला आहे की लाजाळू, हे पाहिले पाहिजे. तीन तालुक्यांत मला लाजाळूच दिसला.

म्हणून नव्या वर्षासाठी माझी पहिली सूचना अशी. गुणवंतांचे पारितोषिक व्यासपीठावर द्यावे, वाजतगाजत द्यावे. ते कष्टाचे कौतुक आहे. गरजूंचे साहाय्य व्यासपीठावर कधीही देऊ नये. शिफारशीचे कलम काढून टाकावे. उत्पन्नाचा दाखला आणि महाविद्यालयातील प्रवेशाचा कागद पुरेसा मानावा. रक्कम थेट महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या खाती भरावी. अर्जदाराचे नाव दोन विश्वस्त आणि हिशेबतपासनीस यांच्यापलीकडे जाऊ नये. वार्षिक अहवालात नावे छापू नयेत. त्याऐवजी साहाय्य मिळालेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, किती मध्येच थांबले आणि कशामुळे थांबले, एवढे छापावे. कार्यकारी मंडळाच्या साध्या ठरावाने हे होण्यासारखे आहे.

दुसरी सूचना जड आहे, आणि ती ऐकताना काही भुवया वर जातील याची मला कल्पना आहे. या निधीचे दार ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांनाही उघडावे, असे मी सुचवितो.

हा विचार आपल्या मुलखाला नवा नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढून पाहिले. परंतु मागासलेल्या समाजांतील मुले तेथे टिकेनात. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आणि लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, वैश्य अशा एकेका समाजाची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. जो समाज आपल्या मुलांसाठी खटपट करील त्याला जागा आणि साहाय्य द्यावयाचे, अशी ती रीत होती. घरापासून प्रथमच दूर आलेल्या मुलाला आपल्या भाषेचे, आपल्या जेवणाचे आणि आपल्या माणसांचे छप्पर मिळाले तर तो टिकतो, हे महाराजांनी ओळखले. ज्ञातिवार वसतिगृहे ही त्या काळाची निकड होती.

याच कोल्हापुरात शिकलेल्या आणि जैन बोर्डिंगात राहिलेल्या एका विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे नाकारल्यामुळे त्यास बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रांत सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह चालविले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. ज्ञातीच्या वसतिगृहात वाढलेल्या माणसाने सर्वांचे वसतिगृह काढले आणि त्याला नाव दिले ज्ञातिवार वसतिगृहे काढणाऱ्या राजाचे; यात कोणाला विसंगती दिसेल, मला तर सरळ वाट दिसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की आपल्या वडीलधाऱ्यांनी पैसा दिला तो ज्ञातीसाठी. खरे आहे. म्हणून ज्ञातीतील एकाही पात्र अर्जदारास नकार मिळणार नाही, हे कलम प्रथम लिहावे. जे व्याज त्यानंतरही पडून राहते तेवढेच बाहेर जावे. शिवाय आपल्या आधीच्या पिढ्या शिकल्या त्या कोणाच्या पैशावर? सरकारी नादारीवर आणि दुसऱ्यांच्या वसतिगृहांत. घरातील आजोबांना विचारून पाहावे. दुसरा आक्षेप असा, की मग ज्ञातिसंस्था हे नाव तरी कशाला? नाव राहू द्यावे. सणवार, सोयरीक, दुखवट्याच्या प्रसंगी धावून जाणे, ही कामे ज्ञातीचीच आहेत आणि ती चालावीत. भुकेला आणि फीला मात्र आडनाव नसते.

कायद्याचाही रोख याच दिशेला आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमाने असे ठरविले की १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास केवळ एखाद्या विशिष्ट जातीच्या वा धर्मसमाजाच्या हितासाठी असेल, तर त्यास करमाफी मिळणार नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या संस्था तेवढ्या वगळल्या. आपली संस्था त्या तारखेपूर्वीची, म्हणून आपण सुटलो. पण उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करण्याचे बंधन जुन्या संस्थांनाही आहे. त्याहून अधिक साठवावयाचे तर कारण लेखी कळवावे लागते आणि ती रक्कम पाच वर्षांत खर्चावी लागते. व्याजावर व्याज साठवीत बसण्याची मुभा आपणांस फार काळ नाही.

आता कामाचे. उद्दिष्टांत बदल करावयाचा तर १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाच्या बाराव्या कलमाने वागावे लागते. प्रस्तावाचा मसुदा सभेपूर्वी दहा दिवस प्रत्येक सभासदाकडे पोचला पाहिजे. पहिल्या विशेष सभेत तीन-पंचमांश सभासदांची संमती हवी. ही मोजणी सभासदांची आहे, केवळ हजर असलेल्यांची नव्हे. मत स्वतः किंवा मुखत्यारामार्फत देता येते. त्यानंतर एक महिना मध्ये जाऊ देऊन दुसरी विशेष सभा, आणि तीत हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांशांनी कायम करणे. मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज. एप्रिलच्या अखेरीस पहिली सभा झाली तर जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरी घेता येईल, आणि बारावीच्या मुलांचे पुढचे प्रवेश चालू असताना निधीची कागदपत्रे तयार असतील. पहिली सभा मे महिन्याच्या सुट्टीवर ढकलली, तर हे वर्ष गेले असे समजावे.

अडचण मतभेदाची नाही. मतभेद झाले तर ते सभेत ऐकून घेऊ, त्यासाठीच सभा आहे. खरी अडचण आहे ती पत्त्यांची. सभासदांच्या नोंदवहीतील कितीतरी पत्ते जुन्या वाड्यांचे आहेत, आणि ते वाडे पाडून तेथे इमारती उठल्या. काही सभासद निवर्तले आणि त्यांच्या वारसांनी कळविले नाही. परगावी व परदेशी गेलेल्यांपर्यंत मसुदा पोचला नाही, तर तीन-पंचमांश कोठून आणावयाचे? चिटणीसांनी माझ्या विनंतीवरून सभागृहाच्या दाराशी, पानसुपारीच्या मेजाशेजारी नोंदवही ठेवली आहे. प्रत्येकाने आपला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तपासून सही करावी, आणि परगावच्या निदान दोन आप्तांचे आजचे पत्ते तीत लिहावेत. मुखत्यारपत्राचे छापील नमुने तेथेच मिळतील. जेवणाची पहिली पंगत साडेबारास बसणार आहे. त्यापूर्वी अर्धा तास वही मोकळी आहे.